पोरगं पैलवान व्हायचं म्हणतंय: यात्रेचं इनाम, गादी आणि पुढच्या पोटाचा हिशेब

विट्याजवळच्या एका गावातून प्रश्न आलाय. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत, वजन ४८ किलो. तीन वर्षं गावच्या तालमीत जातोय. आसपासच्या यात्रांतून नारळावरच्या आणि शंभर-दोनशेच्या कुस्त्या मारून येतो. गावातले जाणते म्हणतात, याला सांगलीला नाहीतर कोल्हापूरला मोठ्या तालमीत घाला. वडिलांना तीन गोष्टी हव्या आहेत: घालावं का, खुराकाला काय लागतं, आणि पंचविशी-तिशीनंतर पोटाचं काय. धाकटी मुलगीही भावाबरोबर तालमीत जायला लागलीय, तिचं काय करायचं, असंही शेवटी विचारलंय.

दादा, कळीची गोष्ट आधी सांगतो. आपल्या सांगली-साताऱ्याकडं पैलवानाचं करिअर हरण्यानं फारसं बिघडत नाही, लवकर कमवायला लागल्यानं बिघडतं. सतराव्या-अठराव्या वर्षी अंग भरतं, मैदानात नाव पुकारलं जातं, पोस्टरवर फोटो येतो, हजारांच्या जोडी लागायला लागतात. मग गुढीपाडवा झाला की पोरगं आज या यात्रेला, उद्या त्या यात्रेला. नेमकी हीच तीन वर्षं १७ आणि २० वर्षांखालच्या राज्य-राष्ट्रीय स्पर्धांतून पदक आणि प्रमाणपत्र काढायची असतात. बावीसाव्या वर्षी गुडघा गेला की मैदानवाले दुसऱ्याचं नाव छापतात, आणि हातात नोकरीसाठी दाखवायला एकही कागद नसतो. त्यामुळं तालीम कुठली, यापेक्षा कुठल्या वयात कुठल्या कुस्त्या करायच्या, हे आधी ठरवा.

त्यासाठी माती, म्हणजे यात्रेतली कुस्ती, आणि गादी, म्हणजे स्पर्धेतली मॅटवरची गुणांची कुस्ती, यांतला फरक नीट समजून घ्या. हे दोन्ही एकच खेळ आहेत असं धरून चालणारे वस्ताद अजूनही आहेत, आणि त्यांची गुणी पोरं जिल्ह्याच्या पुढं सरकत नाहीत.

मैदानातली निकाली कुस्ती पाठीवर संपते. दोन्ही खांदे टेकले की निकाल. वेळ खूप, रिंगणाबाहेर गेलात तर पंच परत मध्ये आणून उभं करतात. जांघ्याला हात घालून ओढता येतं. घाम आला तर मूठभर माती समोरच्याच्या अंगाला लावली की पकड परत बसते. म्हणून मातीतला पैलवान पहिली दहा मिनिटं गर्दनखेच करतो, म्हणजे मान धरून ओढाताण, समोरच्याचा दम काढतो, मग पट काढून, म्हणजे पाय ओढून, खाली घेतो, कब्जा घेऊन बसतो आणि सवडीनं घिस्सा किंवा एकलांगी असा चीत करायचा डाव भरतो. खालचा पैलवान पोटावर घट्ट पडून राहिला तर तोही एक बचावच असतो. वरच्यानं करावं काय ते.

गादीवर हेच सगळं अंगाशी येतं. मोठ्यांची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, १७ वर्षांखालच्यांची दोन-दोन मिनिटांच्या, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. गादी १२ मीटर बाय १२ मीटर, त्यावर ९ मीटर व्यासाचं वर्तुळ, आणि वर्तुळाच्या कडेचा एक मीटरचा पट्टा वेगळ्या रंगाचा. वर्तुळाबाहेर पाय पडला की समोरच्याला १ गुण. मागं जाऊन ताबा घेतला की २. पाठ धोक्यात आणली की २. उचलून मोठा फेक मारला तर ४ किंवा ५. फ्री स्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. आता हिशेब करा: समोरच्यानं ताबा घेतला, २ गुण. तुमचं पोरगं मातीतल्या सवयीनं पोटावर पडून राहिलं. त्यानं कमरेला विळखा घालून भारंदाजचे चार पलटे मारले, आठ गुण. एकूण दहा, आणि घड्याळात अजून मिनिटही झालेलं नसतं. मातीत वीस-वीस मिनिटं कुणाला न हटणारी पोरं गादीवर अशी जातात, आणि घरी येऊन सांगतात की पंचांनी हरवलं.

दुसरं, गादीवर नुसती गर्दन धरून उभं राहता येत नाही. पंच निष्क्रिय पैलवानाला ताकीद देतात आणि पुढं ३० सेकंदांचा अवधी लावतात. त्यात त्यानं गुण घेतला नाही, तर समोरच्याला १ गुण जातो. कॉश्च्युम धरणं तर सरळ फाऊलच. त्यामुळं मनगट, कोपर, बगल, टाच यांची पकड नव्यानं शिकावी लागते. बगलडूब मारून मागं जाणं, एकेरी पटावर, म्हणजे एका पायावर, शिरून लगेच कोन बदलणं आणि ताबा गेला तर पोटावर न पडता ताबडतोब गुडघ्यांवर येऊन उभं राहणं, या तीन गोष्टी चौदाव्या वर्षापर्यंत अंगात मुरल्या पाहिजेत. नंतर त्या शिकवता येतात, पण दमल्यावर शरीर जुन्या सवयीवरच जातं.

म्हणून माती सोडायची का? अजिबात नाही. मातीनं मान, पंजा, कंबर आणि दम तयार होतो, आणि पडण्याची भीती जाते. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने हे दोघंही मातीतलेच. दोघांनीही १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा गादीचा सराव त्यांना जवळजवळ नव्हता, तरी ते फ्लायवेटमध्ये सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्य घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मधल्या चार वर्षांत त्यांनी स्वतःला त्या नियमांत बसवलं. तुमच्या पोराला ते नियम तेराव्या वर्षीच पायाखाली मिळू शकतात, मग विसाव्या वर्षापर्यंत थांबायचं कशाला?

आठवड्याला चार दिवस गादी आणि दोन दिवस माती, हे या वयाला बरं प्रमाण. मातीतून गादीवर येताना एक काळजी घ्या. मातीत पाय थोडा सरकतो. गादीवर बुटाचा तळ चिकटून राहतो, वरचं अंग फिरतं आणि गुडघा पिळवटतो. पहिले सहा-आठ आठवडे पायांची हालचाल, शिरकाव आणि पवित्रा यांवरच काढावेत. पूर्ण ताकदीच्या लढती त्यानंतर.

आता वर्षाचं वेळापत्रक. पावसाळा, म्हणजे जून ते ऑगस्ट, हा पायाभरणीचा. मैदानं बंद असतात, शरीर बांधायला याहून चांगला काळ नाही. शालेय स्पर्धा पावसाळ्याच्या शेवटापासून सुरू होतात: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. सांगली आणि सातारा दोन्ही कोल्हापूर विभागात येतात, त्यामुळं विभागातून बाहेर पडणं हीच खरी परीक्षा. इथली विभागीय फायनल कधीकधी राज्याच्या फायनलपेक्षा अवघड असते. जिल्हा तालीम संघाच्या निवड चाचण्या वेगळ्या, त्यांच्या तारखा वस्तादांकडून आधीच घेऊन ठेवा. राहिले चैत्र-वैशाख. तेव्हा यात्रेच्या कुस्त्या जरूर करू द्या, पण सतरा वर्षांपर्यंत सगळ्या मिळून आठ-दहाच, आणि वजनाचा जोड असेल तरच. मैदानात लहान जोडी नजरेनं लावतात. ४८ किलोच्या पोराला ५५ किलोचा जोड लागला आणि शिट्ट्यांच्या नादात पोरगं तयार झालं, तर तुम्ही आत जाऊन हात धरून बाहेर आणा. लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

कुंडलचं मैदान, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, औंधची यमाईची यात्रा: ही मैदानं त्याला बघायला न्या. हलगी-घुमक्याच्या ठेक्यावर हजारो लोकांसमोर मोठा पैलवान खडाखडी, म्हणजे उभ्यानं झटापट, कशी करतो, दम कुठं राखतो, पाय कधी मागं घेतो, हे बघून बरंच शिकता येतं.

तालीम निवडताना नावावर आणि भिंतीवरच्या फोटोंवर जाऊ नका. सकाळच्या मेहनतीला न सांगता जा आणि पहिली गोष्ट ही बघा की तुमच्या पोराच्या वजनाची, दोन-तीन किलो इकडं-तिकडं, किमान चार-पाच पोरं तिथं आहेत का. जोडीदार नसेल तर केवढाही मोठा वस्ताद असला तरी पोरगं वाढत नाही. मोठ्यांच्या हाताखाली नुसतं पडत राहतं, किंवा लहानांना पाडून फुगतं. वस्ताद स्वतः आखाड्यात उभे असतात की थोरल्या पैलवानावर सोपवून जातात, तेही पाहा. गादी असेल तर ती रोज जंतुनाशकानं पुसतात का, आणि संडास-मोरीत गेलेल्या चपला-बुटांनी पोरं तिच्यावर चढतात का? माती चाळलेली, खडा नसलेली, हातात घेतली तर भुरभुरीत पण धूळ न उडणारी हवी. तांबड्या मातीत ताक, लिंबू, हळद, गोडेतेल, कापूर घालतात, कुठं काव आणि कडुनिंबाचा पालाही. तेलानं धूळ बसते आणि अंग कोरडं पडत नाही. रोज फावड्यानं खणून वर-खाली केली नाही तर ती थापीसारखी घट्ट होते, आणि पडल्यावर खांद्याचा सांधा सुटतो. शेवटचं, पोरं शाळेत जातात का, हे शाळेत जाऊन विचारा. हजेरीपटावर नाव आणि पोरगं तालमीत झोपलेलं, अशी तालीम असेल तर तिथं नकोच. अकरा-बारा वर्षांच्या पोरांना थोरल्यांचे कपडे धुवायला आणि अंग रगडायला लावत असतील, तरीही नको.

एक दार तुमच्यासाठी लवकर बंद होणार आहे. लष्कराच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्यांत ८ ते १४ वयाची मुलं घेतात. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात कुस्ती आहे. राहणं, खाणं, शाळा आणि प्रशिक्षण सरकारी, आणि पुढं वय झाल्यावर सैन्यात भरती व्हायची तयारी ठेवावी लागते. मुलगा तेरा वर्षांचा आहे, म्हणजे हातात काही महिने आहेत. निवड चाचणीची जाहिरात बघा, आणि जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हींवरची जन्मतारीख एकच आहे ना, ते आजच तपासा. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीचंही बघा. आणि वय कमी दाखवायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला दारात उभं करू नका. पुढं राष्ट्रीय पातळीवर ते सापडतं, आणि बंदी पोरावर येते, सल्ला देणाऱ्यावर येत नाही.

मेहनतीबद्दल. तेराव्या वर्षी हजार बैठकांची भाषा करू नये. जोर २० चे पाच फेर, बैठका ३० चे सहा फेर, दोर तीन-चार वेळा चढणं, पळणं दोन-अडीच किलोमीटर आणि मध्ये छोट्या स्प्रिंट. बाकी सगळा वेळ डाव. सकाळ-संध्याकाळ मिळून तीन तास पुष्कळ झाले. मानेचा पूल, म्हणजे डोकं आणि पाय टेकून अंगाची कमान, आधी हातांचा आधार घेऊन, पूर्ण वजन पंधरा वर्षांनंतर. या वयात उंची झपाट्यानं वाढते. वाटीच्या खाली नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखायला लागलं तर तो आळस समजू नका. हाड वाढतंय आणि स्नायू त्याला ओढतोय. बैठका आणि उड्या तीन-चार आठवडे बंद करा, वरच्या अंगाची मेहनत आणि हातांच्या पकडी चालू ठेवा. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी, रात्री नऊ तास झोप. चारला उठवायचं असेल तर सातला झोपवावं लागेल. ते जमत नसेल तर साडेपाचला उठू द्या.

खुराकाचा धसका बऱ्याच बापांनी घेतलेला असतो, कारण तालमीत आकडा बदामांवरून सांगतात. प्रत्यक्षात कष्ट करणाऱ्या पोराला किलोमागं दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात. ४८ किलोला साधारण ७५ ते ९५ ग्रॅम. घरच्या म्हशीचं एक लिटर दूध म्हणजे ३५ च्या आसपास. चार अंडी, २५. दोन वेळच्या भाकरी, आमटी, मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, मूठभर शेंगदाणे यांतून आणखी ३०. पंचवीस-तीस बदाम घातले तर ६-७ ग्रॅम. म्हणजे बदाम काढून टाकले तरी हिशेब बसतो. दूध काढलं तर नाही बसत. महिन्याचं सामान मांडलं तर ३० लिटर दूध, १२० अंडी, किलोभर बदाम, पाऊण किलो तूप आणि आठवड्यातून दोनदा मटण किंवा चिकन. दूध, ज्वारी, हुलगा घरचं असेल तर रोख खर्च अंडी, बदाम आणि मटणाचाच. शाकाहारी घर असेल तर दूध दीड लिटर करा, दही आणि पनीर वाढवा.

मोठा झाल्यावर, म्हणजे ८५-९० किलोच्या पैलवानाला, हेच १५० ते १७० ग्रॅमवर जातं. दोन-अडीच लिटर दूध, रोज पाव ते अर्धा किलो चिकन, शंभरेक बदाम. शंभर बदाम म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर आणि सातशेच्या आसपास कॅलरी. ती ताकद आहेच, पण तेवढ्या कॅलरी रोज जाळणारी मेहनत असेल तरच. थंडाई मेहनतीच्या आधी पाजू नका, पोट जड होतं आणि पाय उचलत नाहीत. मेहनत संपल्यावर अर्ध्या तासात द्या. भिजवून सोललेले बदाम, बडीशेप, काळी मिरी, वेलदोडा, मगज बी कुंडीत बारीक घोटून दुधात.

थंडाईतल्या खसखशीबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. खसखस अफूच्या बोंडातली, तिच्यात मॉर्फिनचा अंश राहू शकतो, आणि मॉर्फिन स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत आहे. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळायला लागला की स्पर्धेच्या आठवडाभर आधीपासून खसखस पूर्ण बंद करा.

आता बाकीच्या औषधांचं, आणि इथं मी हात जोडून सांगतो. मेफेन्टरमाइन नावाचं इंजेक्शन भूल देताना घसरलेला रक्तदाब वर आणायला वापरतात. आपल्या भागात ते जिममधून आणि मैदानातून पोरांपर्यंत पोचलंय. टोचलं की दम लागत नाही असं वाटतं, कारण हृदय मर्यादेपलीकडं धावतं. उन्हाच्या मैदानात, पाणी कमी झालेल्या शरीरात, याचा शेवट काय होऊ शकतो ते सांगायची गरज नाही. ते बंदीच्या यादीत आहे. स्टॅनोझोलॉल, मेथँडिएनोन ही स्टेरॉइडंही त्याच यादीत आहेत. फुरोसेमाइड ही लघवीची गोळी वजन उतरवायला देतात, तीही आहे. जाणूनबुजून घेतल्याचं ठरलं तर पहिल्याच वेळी चार वर्षांची बंदी. पैलवानाच्या आयुष्यात कमाईची वर्षं दहा-बारा, त्यांतली चार गेली. सुट्टी विकली जाणारी, बिल नसलेली प्रोटीन पावडर घरात आणू नका. खोकल्याचं औषध घेतानाही डॉक्टरांना सांगा की मुलगा स्पर्धा खेळतो.

वजन तोडणं हा या खेळाचा सगळ्यात घातक भाग. सतरा वर्षांपर्यंत ते करायचंच नाही. पोराचं वजन ज्या गटात बसतं त्यात लढवा. १७ वर्षांखालच्या गटात ४५ पासून ११० किलोपर्यंत दहा वजनगट आहेत, जागा भरपूर आहे. सीनिअर झाल्यावर पैलवान दोन-तीन किलो उतरवतातच. त्याचा नियम असा: आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त नाही, तेही तूप, साखर आणि भात कमी करून. शेवटच्या दिवशी पाण्याचं वजन फार तर दीड-दोन टक्के. प्लास्टिकचे कपडे घालून एप्रिलच्या उन्हात पळवणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस काही आठवड्यांत तीन कॉलेज पैलवान असंच वजन उतरवताना गेले. आणि वजनाच्या काट्याला दया नसते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट फायनलच्या सकाळी ५० किलोच्या वर १०० ग्रॅम भरली आणि बाद झाली. वजन दोन्ही दिवशी होतं, हे लक्षात ठेवूनच गट निवडायचा. वजन झाल्यावर सलाईन लावून घेतात, तेही नियमात बसत नाही. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन वैद्यकीय परवानगीशिवाय घेणं हा डोपिंगचाच गुन्हा आहे. पाणी, मीठ-साखर, ताक, केळं, मऊ भात, थोडं-थोडं करून, हाच मार्ग.

दुखापतींत कानापासून सुरुवात करतो, कारण तालमीत तुटलेला कान म्हणजे पैलवानकीची निशाणी मानतात. कानात रक्त साकळून फुगतं. दोन-तीन दिवसांत कान-नाक-घसा डॉक्टरकडं जाऊन ते काढून घेतलं आणि आठ-दहा दिवस दाबपट्टी ठेवली तर कान वाचतो. न्हाव्याकडून किंवा तालमीतल्या तालमीत सुईनं काढलं तर पू होतो आणि कूर्चा सडते. नायटा-गजकर्ण झालं तर मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणू नका. आठ दिवस खाज थांबते आणि मग अंगभर पसरतं. त्वचेच्या डॉक्टरचं औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्या, तोवर लढत बंद, लंगोट आणि टॉवेल रोज धुऊन उन्हात, आणि दुसऱ्याचा टॉवेल वापरायचा नाही. गुडघ्यात कट असा आवाज होऊन तासा-दोन तासांत सूज आली, तर तो स्नायुबंध तुटल्याचा संशय धरून एमआरआय करा. चोळून घेऊ नका. ऑपरेशन झालं तर लढतीला परत यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. सहाव्या महिन्यात पोराला बरं वाटतं, आणि यात्रा असते. दुसऱ्यांदा तुटतो तो तेव्हाच. अपघात विमा काढा, पण आधी वाचून घ्या. अनेक पॉलिसींत व्यावसायिक खेळातली दुखापत वगळलेली असते.

पोटाचं. राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस, वनखातं, महसूल सगळीकडं. पण मैदानातल्या चांदीच्या गदेला तिथं किंमत नाही. मान्यताप्राप्त स्पर्धेतला क्रमांक लागतो आणि त्या प्रमाणपत्राची विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी लागते. ती भरतीचा अर्ज करायच्या आधी झालेली पाहिजे. जाहिरात निघाल्यावर धावपळ करणारी पोरं दरवर्षी मुकतात. पदक आलं त्याच महिन्यात पडताळणीला टाका आणि मूळ प्रमाणपत्र तालमीच्या भिंतीवर न लावता घरी ठेवा. रेल्वे आणि सैन्यदलं खेळाडू भरती वेगळी करतात, तिथं राष्ट्रीय पदक लागतं. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, त्याचा अर्ज शाळेतून वेळेत जाऊ द्या. आणि बारावी, पदवी पूर्ण झालीच पाहिजे, कारण पदक असून शिक्षण नाही म्हणून वरची जागा गेलेले पैलवान आपल्याकडं कमी नाहीत.

वीस-बावीसनंतर, अंगात वजन आणि खात्यात प्रमाणपत्र असेल, तेव्हा मैदानं खुशाल करावीत. महाराष्ट्र केसरी किताबाच्या गटात ८६ ते १२५ किलोचे पैलवान माती आणि गादी अशा दोन विभागांत लढतात, आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी भिडतात. तुमच्याच खानापूर तालुक्यातल्या भाळवणीच्या चंद्रहार पाटलांनी २००७ आणि २००८ ला लागोपाठ तो मिळवला. पण हे लक्षात घ्या, ६१ किंवा ६५ किलोत थांबणाऱ्या शरीराला किताबासाठी ९० वर न्यायचा हट्ट धरला, तर सांधे जातात. हाड बघून गट ठरतो. हलक्या वजनाला मैदानात पैसा कमी, ऑलिंपिकमध्ये मात्र ५७ आणि ६५ किलोचे गट आहेत.

इनामाचा व्यवहार कागदावर ठेवा. कुस्ती ठरवताना रक्कम, प्रवासखर्च, निकाली की गुणांवर, बरोबरी सुटली तर किती, हे आयोजकांकडून मोबाइलवर लिहून घ्या. जाहीर एक आणि हातात एक, हे कुस्ती झाल्यावर भांडून सुटत नाही. आलेल्या पैशाचा तिसरा हिस्सा पोराच्या नावावर मुदत ठेवीत टाका. बुलेट नंतर घेता येते.

तिशीच्या आसपास लढणं थांबतं. ज्याला शिकवायची आवड आहे त्यानं पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षण पदविका अभ्यासक्रम करावा. एक वर्षाचा आहे, आणि प्रशिक्षकाच्या सरकारी जागांना तो उपयोगी पडतो. शरीराचं म्हणाल तर मेहनत थांबते आणि भूक थांबत नाही. चाळिशीत साखर, रक्तदाब आणि गुडघे घेऊन बसलेले मोठे पैलवान याच वळणावर फसले. खुराक सहा-आठ महिन्यांत टप्प्याटप्प्यानं उतरवा: आधी तूप आणि थंडाई, मग दूध निम्मं. रोज तासभर चालणं, हलके जोर, पोहणं चालू ठेवा आणि वर्षाला एकदा रक्त तपासा.

आणि मुलगी. तिला अजिबात थांबवू नका. महिलांची कुस्ती २००४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीतच झाली, आणि मिरज तालुक्यातल्या तुंगच्या प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. मुलींना यात्रेच्या मैदानाची ओढ कमी असल्यानं त्या सुरुवातीपासून गादीवर वाढतात, हा त्यांचा फायदाच. बारा-तेरापर्यंत भावाच्याच तालमीत, तिच्या वजनाच्या मुलांबरोबर सराव चालेल. पुढं मात्र मुलींची वेगळी तुकडी असलेली तालीम बघा. तिथं महिला प्रशिक्षक किंवा अधीक्षक रात्रीही मुक्कामाला आहे का, राहायची जागा मुलांपासून वेगळी आणि आतून कडी असलेली आहे का, आणि पालकांना कधीही न सांगता येऊ देतात का, हे विचारा. मासिक पाळी सुरू झाल्यावर लोह तपासून घ्या, हिमोग्लोबिन बारापेक्षा खाली असेल तर दम लागण्याचं कारण मेहनतीत शोधू नका. तिच्या ताटातलं दूध आणि अंडी भावाइतकीच मोजा.